शहाणं बाळ

प्रिय संपदा,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत, कुणाला काही झालेलं नाही. तुझा फोन मला लागत नाही, मेसेज पाठवला तर एकच टिक दिसते आणि तशीच राहते, तेव्हा कागदाशिवाय दुसरा रस्ता उरला नाही. रसिका तिकडून सुट्टीवर आलीय, रविवारी परत निघतेय, तिच्या बॅगेत हे देतेय. पाकीट बंद आहे, तिने वाचलेलं नाही. तू एकटी असताना वाच, आणि पूर्ण वाच. फोनवर 'ताई, ड्युटीला उशीर होतोय' म्हणून तू मला पुष्कळदा मधेच तोडलंस. कागद तरी मला शेवटपर्यंत बोलू देईल.

भाईंदरची खबर म्हणशील तर तुझ्या भावोजींचे गुडघे आता जिन्याला कुरकुर करतात. कारखान्यात उभ्याचं काम, दिवसभर स्टीलच्या पत्र्यांचा आवाज, घरी येतात तेव्हा टीव्ही एवढा मोठा लावतात की समोरच्या हंसाबेन दार वाजवून विचारतात, 'अनुबेन, कौन लड़ रहा है?' जेसल पार्कात आपल्या गल्लीत पुन्हा खोदलंय. तुझ्या पूनम सागरच्या फ्लॅटमधले भाडेकरू नीट आहेत, गेल्या महिन्यात नळ गळत होता तो मी जाऊन दुरुस्त करून घेतला. त्यांची लहान मुलगी आहे. मी गेले तेव्हा ती आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसली आणि मला बघून रडायला लागली. तिची आई ओशाळली. म्हणाली, 'सॉरी हं, ही कुणाकडेच जात नाही.' मी म्हटलं, रडू दे, चांगलं आहे. तिला वाटलं असेल, बाई विचित्र आहे.

आज मी तुला तुझ्या निकेतचं सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. तू म्हणशील, मला माहीत आहे. नाही संपदा, तुला माहीत नाही. तू इथे नव्हतीस. फोनवर मी तुला गाळून, निवडून सांगायचे, कारण तू पलीकडे ड्युटी करून थकलेली, एकटी, आणि मला वाटायचं, एवढ्या लांब बसून ही रडली तर तिला पाणी कोण देणार. आज मात्र निवडत बसणार नाही.

तू गेलीस याचा राग मला तेव्हा नव्हता आणि आजही नाही. कौस्तुभ कोविडच्या त्या एप्रिलमध्ये गेला. तू दुसऱ्यांच्या नवऱ्यांना ऑक्सिजन लावत होतीस आणि तुझा नवरा दुसऱ्याच हॉस्पिटलात बेडची वाट बघत स्ट्रेचरवर होता. ते ज्या बाईने सोसलं तिला आयर्लंडला जाऊ नकोस असं सांगणारी मी कोण? सगळ्यांना वाटलं, तू चांगल्या पगारासाठी जातेस. मला तेवढंच खरं वाटत नव्हतं. निकेत हसला की डावा गाल आधी वर जायचा, थेट बापासारखा, आणि तू मान वळवून भिंतीकडे बघायचीस. मी ते पाहिलं होतं आणि कुणाला बोलले नाही. बाईला एखाद्या घरात श्वास घेता येत नसेल तर तिने बाहेर पडावं. 'सहा महिने, ताई, तिथे घर मिळालं की त्याला नेते,' म्हणालीस. मी शाळेच्या ऑफिसातलं काम सोडलं आणि निकेतचा पाळणा आपल्याकडे आणला. पाळण्यात तो मावतही नव्हता तेव्हा, पण तुला वाटलं, ओळखीची वस्तू असू दे.

तू निघालीस ती दुपार. 'तो रडला तर माझा पाय निघणार नाही, त्याला बाहेर न्या,' असं तू भावोजींना सांगितलंस. ते त्याला चौपाटीवर खाडीतल्या होड्या दाखवायला घेऊन गेले. तू टॅक्सीत बसलीस. ते परत आले तेव्हा निकेतच्या बुटांना चिखल आणि हातात चण्यांची पुडी होती. पुडी तुझ्यासाठी आणली होती. तो सरळ आतल्या खोलीत धावला आणि दाराआड बघितलं, कारण तू त्याच्याशी लपाछपी खेळताना नेहमी तिथेच लपायचीस. आणि संपदा, तो हसत होता. त्याला वाटलं, खेळ चाललाय. पलंगाखाली बघितलं, कपाट उघडायला लावलं, पडदा ओढला, मोरीत डोकावला, परत दाराआड गेला. आमच्या घरात जागा तरी किती? एकेक जागा संपत गेली आणि त्याचं हसू कमी होत गेलं. शेवटी तो दाराआडच उभा राहिला, स्वतःच, भिंतीला नाक लावून. मी त्याला उचललं तर त्याने मला मारलं. चणे सगळ्या घरभर झाले.

मग तो रडला. किती दिवस ते विचारू नकोस. लिफ्टचा आवाज आला की दाराकडे पळायचा, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली की तिथेच बसायचा. मी अंघोळीला गेले की बाहेर बसून दार थोपटायचा. झोपताना माझ्या गाऊनचं टोक मुठीत धरायचा, मूठ सोडवली की जागा. आणि चौपाटीचं नाव काढायची सोय राहिली नाही. भावोजींनी किल्ल्या उचलल्या की हा जमिनीवर आडवा पडून टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरायचा. त्यांना किती लागलं असेल याचा तू विचार केलास कधी? त्यांनी त्याला फसवून नेलं असं त्याच्या डोक्यात बसलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. 'गुणूकाका' म्हणून ज्यांच्या खांद्यावरून उतरायचा नाही, त्यांच्याबरोबर तो वर्षभर जिन्याखाली उतरला नाही.

एक दिवस रडणं थांबलं. मला वाटलं, सुटलो बाई. हंसाबेन म्हणाल्या, 'देखा? भूल गया. बच्चे सब भूल जाते हैं.' डॉक्टर म्हणाले, रुळला. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, इतकं शहाणं बाळ मी पाहिलं नाही, बसवलं तिथे बसतं, कुणाकडे हट्ट नाही, काही मागणं नाही. मीही ते तुला कौतुकाने सांगितलं आणि तू पलीकडे हसलीस. त्याच आठवड्यात तो जिन्यावरून पडला. कपाळ फुटलं, टाके घालावे लागले. तो रडला नाही. पण मला हादरवलं ते वेगळंच. पडल्यावर मूल मान वर करून कुणाला तरी शोधतं की नाही? आई, मावशी, शेजारीण, कुणीतरी. त्याने कुणालाच शोधलं नाही. डोळ्यात रक्त जात होतं आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. कंपाउंडर म्हणाला, 'बहादुर बच्चा,' आणि चॉकलेट दिलं. ते त्याने खाल्लं नाही, खिशात घातलं. नंतर त्याच्या उशीच्या अभ्र्यात मला ते सापडलं, बिस्किटांच्या चुऱ्याबरोबर, मुंग्या लागलेलं. आपल्या घरात त्याला कधी उपाशी ठेवलं होतं का? पण जे आज आहे ते उद्या नसतं, एवढं त्याला कळून चुकलं होतं.

तुझ्या फोनचं सांगते. सुरुवातीला तो मोबाइलचा मुका घ्यायचा. मग मोबाइल उलटा करून मागे बघायचा. मग बघणं बंद केलं. बालवाडीत दुसऱ्या मुलांच्या आया न्यायला यायच्या, तेव्हा एकाने विचारलं तुझी आई कुठे, तर म्हणाला, 'माझी आई मोबाइलमध्ये असते.' नेहमीच्या गोष्टीसारखं सांगितलं, जसं दुसरं मूल सांगेल माझी आई बँकेत असते. आणि तू मला काय म्हणायचीस? 'ताई, त्याला माझ्याशी बोलायला शिकव ना. सारखा पळतो कसा?' त्याला काय शिकवणार होते मी? तू स्क्रीनवर यायचीस, हसायचीस, रडायचीस आणि बटण दाबून नाहीशी व्हायचीस. तो रोज एकदा तुला हरवत होता. पळाला तर नवल काय?

सहा महिन्यांची दोन वर्षं झाली आणि तू दिवाळीत आलीस. मोठी बॅग, लाल गाडी, उबदार जाकिटं. दारात तू गुडघ्यांवर बसलीस, हात पसरलेस, आणि त्याने माझ्या मागून डोकं काढून म्हटलं, 'नमस्ते आंटी.' तू मोरीत जाऊन नळ सोडलास. मला ऐकू आलं नाही असं तुला वाटलं असेल. पण तू चिकाटीने बसलीस, हे मी मान्य करते. त्याच्याशी बोलण्याची घाई केली नाहीस, नुसती जवळ बसून राहायचीस, वरण-भात कालवून द्यायचीस, त्याच्या गाडीची चाकं काढून परत लावायचीस. आठवडा उलटला आणि एका सकाळी बघते तर तो माझी बाजू सोडून तुझ्या कुशीत झोपलेला, पाय तुझ्या पोटावर टाकून. खोटं कशाला बोलू, माझ्या काळजात हललं काहीतरी. पण देवाला हात जोडले. त्या दिवशी तो खाली जाऊन सगळ्या पोरांना सांगून आला, 'ये मेरी मम्मी है. असलीवाली.'

आणि तू परत तेच केलंस. मी तुला विनवलं होतं. म्हटलं, त्याला सांग. रडेल, लोळेल, तुला मारेल, मारू दे. पण त्याच्या तोंडावर सांग की मी जातेय आणि अमुक वेळी येणार आहे. तू म्हणालीस, 'ताई, मला नाही जमणार त्याच्याकडे बघून.' तुला जमणार नव्हतं म्हणून ते त्या एवढ्याशा जिवाने निभावायचं. तो शाळेत असताना तू निघून गेलीस. घरी आला, तुझी मोठी बॅग जिथे होती तिथे एकदा बघितलं, आणि खाली बसून बुटांचे पट्टे सोडायला लागला. एक शब्द विचारला नाही. या खेपेला दाराआडही बघितलं नाही. महिन्याभरात शाळेतून चिठ्ठी आली की वर्गातल्या मुलांना चावतो. होळीपर्यंत तो तुझ्या फोनवर आला नाही आणि तू मला विचारलंस, 'तू त्याच्या मनात काही भरवतेस का?'

त्यानंतर रोशनचं कळलं. मला आनंदच झाला होता. वसईचा मुलगा, मराठी बोलणारा, तुझ्याच हॉस्पिटलात एक्स-रे विभागात, निकेतला आपला म्हणायला तयार. फोनवर बोलला तेव्हाही मला सज्जन वाटला. मागच्या जूनमध्ये तू निकेतला न्यायला आलीस ते दहा दिवसांची सुट्टी घेऊन. तेव्हा मी तुझ्यासमोर पदर पसरला होता, आठवतं? म्हटलं, दोन महिने राहा. पूनम सागरचं घर सध्या रिकामं आहे, तिथे तुम्ही दोघं राहा, मी रोज येत जाईन, मग एक दिवसाआड येईन, मग आठवड्याने. त्याला एक हात धरू दे आणि मग दुसरा सोडू दे. नाहीतर मला थोडे दिवस तिकडे ने, स्वयंपाक करीन, कोपऱ्यात पडून राहीन. तू म्हणालीस, सुट्टी मिळत नाही. मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी ने. तेव्हा तू मला म्हणालीस, 'तुला स्वतःचं मूल असतं तर तुला कळलं असतं, ताई.' भावोजी भाजी निवडत बसले होते. त्या वाक्यावर मी आजही बोलणार नाही. एवढंच सांगते की ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ खाली कट्ट्यावर बसून होते.

तू तिकिटं आणि कागदपत्रांमागे धावत होतीस तेव्हा मी त्याला तयार करत होते. नकाशा दाखवला. विमान समुद्रावरून कसं जातं ते सांगितलं. आणि खरं सांगितलं की मावशी बरोबर येणार नाही, मावशी इथेच राहणार, याच घरात, आणि रोज संध्याकाळी फोन करणार. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'म्हणजे आता तू मोबाइलमधली मावशी होणार?' मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

एअरपोर्टवर गेटपाशी त्याने माझा हात सोडला नाही तेव्हा तू वाकून म्हणालीस, 'चल राजा, मावशी मागच्या विमानाने येतेय.' त्याने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोघींपैकी एक खोटं बोलतेय हे पाच वर्षांच्या पोराला कळत होतं, फक्त कोण ते ठरवायचं होतं. मी तोंड उघडायच्या आत तू त्याला उचलून आत घेतलंस. तो ओरडला नाही. काचेतून दिसेनासा होईपर्यंत तो मागे बघत होता. तो माझ्याकडे बघत होता की माझ्या मागे विमान शोधत होता, मला अजून माहीत नाही.

पुढचं तुला माहीत आहे. मी रोज संध्याकाळी फोन करायची. तो बोलायचा. काय खाल्लं, शाळेत कोण आहे, 'मावशी, तू निघालीस का?' मी सांगायची, नाही रे राजा, मी इथेच आहे. फोन ठेवताना रडायचा. मला वाईट वाटायचं, पण आत कुठेतरी बरंही वाटायचं, कारण जो रडतो तो अजून कुणाला तरी शोधत असतो. मग तुझा मेसेज आला, 'ताई, तुझा फोन झाला की तो दोन दिवस नीट जेवत नाही. बिछाना ओला करतो. त्याला इथे सेटल होऊ दे. प्लीज काही महिने फोन नको.' मी विचारलं, त्याला काय सांगशील? तू उत्तर दिलं नाहीस. नंतर तुझा नंबर लागेना. तुझे भावोजी म्हणाले, 'आई आहे ती त्याची. ऐक तिचं.' मी ऐकलं. तू नर्स आहेस, शिकलेली आहेस, विचार करूनच केलं असशील असं समजले. संध्याकाळी फोनची वेळ झाली की मी मुद्दाम भाजी आणायला बाहेर पडायची.

परवा रसिका आली. तिला तुझ्यासाठी पेढे घ्यायला दुकानात जायचं होतं, म्हणून दारात उभी राहूनच बोलायचा तिचा विचार असावा. मी तिला ओढून आत बसवलं, चहा ठेवला आणि निकेतचं विचारलं. ती माझ्याकडे बघेच ना. चहाचा कप हातात तसाच. मग रडायला लागली. तुमच्या दोघांच्या ड्युट्या एकदम आल्या की निकेत तिच्याकडे असतो, हे मला माहीत नव्हतं. एकदा तिने त्याला सहज म्हटलं, मी भाईंदरला जाणार आहे, तुझ्या मावशीला काय सांगू? तर तो म्हणाला, 'मावशी तर मेली.' खेळताना, गाडी फिरवता फिरवता. 'पप्पा पण भाईंदरला मेले, मावशी पण भाईंदरला मेली. तू नको जाऊ तिकडे.' रसिका म्हणते, तू ड्युटीवर निघालीस की तो दारात उभा राहून एकच प्रश्न विचारतो, 'मम्मा, तू भाईंदरला नाही ना चाललीस?' तू हसून नाही म्हणतेस आणि जातेस. अंगठ्याभोवतीची कातडी तो रक्त येईपर्यंत सोलतो. आणि तू रसिकाला म्हणालीस म्हणे, 'आता किती शांत झालाय, शाळेतही कौतुक करतात, काहीच त्रास देत नाही.' संपदा, हे 'काहीच त्रास देत नाही' मी ओळखते. जिन्यावर रक्ताळून भिंतीकडे बघत बसलेलं पोर मी पाहिलंय. तो शांत झालेला नाही. त्याने शोधणं सोडलंय.

रात्रभर तुला शिव्या दिल्या. खोटं नाही लिहीत. पण सकाळी पोळ्या लाटताना आपलं गाव डोळ्यांसमोर आलं, आणि तू असं का केलंस ते मला कळलं. आपली आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि मी सोळा. मोठ्या माणसांनी तुला सांगितलं, आई मुंबईला दवाखान्यात आहे, गणपतीला येईल. मला दम दिला होता की लहानीला कळू द्यायचं नाही. गणपती गेले, दिवाळी गेली, आणि तू रोज शाळा सुटली की तिठ्यावर जाऊन मुंबईच्या एसटीची वाट बघायचीस. उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या पदराकडे बघायचीस. शिमग्याच्या सुमारास शाळेतल्या एका मुलीने तुला चिडवून खरं सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन तू दप्तर फेकलंस आणि माझ्या हाताला चावलीस, तो वण अजून आहे. नर्सिंगला असताना तू एकदा म्हणालीस, 'मेली म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी वाट तरी बघितली नसती, ताई.' तेच तू आपल्या मुलासाठी केलंस. त्याने एसटीच्या थांब्यावर बसू नये म्हणून. माझा राग ओसरला नाही, पण त्या थांब्यावरची मुलगी मला दिसली.

पण संपदा, आपली आई खरंच गेली होती. मी गेलेले नाही. यासाठीच हे पत्र लिहितेय. निकेत मला परत दे असं मी म्हणत नाही. तो तुझा आहे, तुझ्याजवळच वाढायला हवा, हे मला तुझ्याआधीपासून कळतंय. फोनही करणार नाही, तू म्हणशील तोवर. रसिका म्हणाली, मीच गेल्यावर त्याला खरं सांगू का? मी तिला शपथ घातलीय, सांगायचं नाही म्हणून. मम्मा खोटं बोलली हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळलं, तर त्याच्याकडे उरलेलं एकुलतं एक माणूसही जाईल. त्या शाळेतल्या मुलीने तुझ्याशी केलं ते कुणी त्याच्याशी करू नये. तूच सांग. त्याला मांडीवर घे, तोंडाकडे बघ, पळू नकोस, आणि सांग की मम्माने चुकीचं सांगितलं, मावशी जिवंत आहे. तो विचारेल, मग ती फोन का करत नाही? तेव्हा माझ्यावर ढकल. सांग, ती रागावलीय, ती विसरली, ती वाईट आहे. जे तोंडाला येईल ते सांग, मी काही मनाला लावून घेणार नाही. वाईट मावशीचा त्याला राग करता येईल, मोठा झाल्यावर येऊन भांडता येईल, दार आपटून जाता येईल. त्याच्या वाट्याला माणसं आधीच थोडी आहेत, संपदा. त्यातलं एक जिवंत माणूस तू पुरून टाकू नकोस.

तुझीच,
अनुताई